लेडीज रूमची खिडकी

पार्बताबाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि अमरावतीच्या त्या कॉलेजातल्या झाडून साऱ्या मुलींची पुस्तकं मात्र तिच्याच हातून जात-येत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. कॉलेजची लायब्ररी म्हणजे इंग्रजांच्या वेळची दगडी इमारत. वर कवेलूंचं छप्पर, आत छताला भिडलेली कपाटं, आणि लोखंडी जाळीच्या मागे बसलेले नत्थुजी बाबू. तिथे मुलं जात. मुलींनी जायचं नाही असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण जे कुठेच लिहिलेलं नसतं तेच आपल्याकडे सगळ्यात कडक पाळलं जातं. मुलींनी आपल्या लेडीज रूममध्ये बसायचं, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि खाली आपलं नाव लिहायचं, आणि चिठ्ठी पार्बताबाईच्या हाती द्यायची. ती आवार ओलांडून जाळीपाशी जाई आणि नत्थुजी देतील ते घेऊन परत येई.

तिची आपली एक पद्धत होती. पहिल्या मुलीची चिठ्ठी पदराच्या टोकाच्या गाठीत, दुसरीची त्याच्या वरच्या गाठीत, अशा एका खेपेला पाच गाठी. कुठल्या गाठीत कोण, हे तिच्या डोक्यात. बारा वर्षांत एकीची चिठ्ठी दुसरीला गेली नाही. पुस्तक नसलं की नत्थुजी चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने एक रेघ मारत आणि म्हणत, "बाहेर गेलं." तिने जास्त विचारलं तर त्यांची एक ठरलेली म्हण होती. "आडात नाई तं पोहऱ्यात कुठून येईन, पार्बताबाई?"

पहिली सात वर्षं ती चिठ्ठी जाळीच्या चौकटीवर ठेवी आणि नत्थुजी ती तिथून उचलत. हातातून हातात नाही. मग छप्पन सालच्या दसऱ्याला पार्बताबाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, घरातले देवांचे टाक तिने नदीत सोडले, आणि पुढच्या सोमवारी जाळीपुढे उभी राहून चिठ्ठी धरलेला हात तिने तसाच पुढे केला. नत्थुजींनी चौकटीकडे बोट दाखवलं. ती हलली नाही. मागे पोरं खोळंबली, कुणीतरी शीळ घातली, हात भरून आला, तरी ती हलली नाही. शेवटी नत्थुजींनी चिमटीत धरून चिठ्ठी घेतली. त्या दिवसापासून चिठ्ठी हातात जाऊ लागली, आणि नत्थुजींच्या मनात पार्बताबाईविषयी एक अढी बसली ती बसलीच.

त्याच वर्षी चांदूर बाजारची भागीरथा राऊत इंटरला होती. सडपातळ, सावळी, बोलायला कमी आणि विचारायला जास्त. तिला एक पुस्तक हवं होतं. तिने चिठ्ठी दिली, चिठ्ठी लाल रेघ घेऊन परत आली. कागद वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. आठ दिवसांनी तीच चिठ्ठी पुन्हा दिली. पुन्हा रेघ. असं अकरा वेळा झालं. अकरा वेळा तीच चिठ्ठी गाठीत बांधून आणि सोडून पार्बताबाईला त्यावरची अक्षरं गोंदणाच्या नक्षीसारखी पाठ झाली. सुरुवातीला लोखंडी आकड्यासारखं एक अक्षर, मग एक असं की डोक्यावर विळा ठेवलेली बाई, आणि शेवटी सगळ्यांत अवघड अशी गाठ. खाली भागीरथाचं नाव. बाराव्या वेळी चिठ्ठी द्यायला भागीरथा आलीच नाही. तर्कशास्त्रात चार मार्कांनी ती नापास झाली होती, आणि बापाने त्याच उन्हाळ्यात तिला अकोल्याला देऊन टाकली होती. अकराव्या खेपेनंतर भागीरथाने परत न घेतलेली चिठ्ठी पार्बताबाईच्या पदरातच राहिली होती. फेकवेना म्हणून तिने ती आपल्या तंबाखूच्या डबीत घडी करून ठेवली.

एकसष्ट साली कॉलेजने ठरवलं की या जुन्या इमारतीचं नवं विद्यार्थी सदन करायचं. कवेलू जाऊन स्लॅब येणार, जाळी जाणार, कपाटं उघडी होणार, ज्याने त्याने आपल्या हाताने पुस्तक काढायचं आणि लांब टेबलांशी ट्यूबलाइटखाली बसून वाचायचं. बाजूच्या पडवीत टेबल-टेनिस आणि चहाचं कॅन्टीन. नकाशा निळ्या कागदावर होता आणि प्रिन्सिपल दाणी साहेब तो येईल त्याला पसरून दाखवत. माणूस भला होता, फक्त भित्रा होता. भल्या माणसाचा भित्रेपणा फार महाग पडतो, कारण त्याच्यावर रागावताही येत नाही.

नकाशात लेडीज रूम सदनाला लागूनच आणली होती, मधे एक भिंत. आणि त्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, लाकडी झडपेची एक खिडकी.

"हे तुझ्यासाठी, पार्बताबाई," साहेब कौतुकाने म्हणाले. "आता आवार ओलांडायला नको. मुलींनी चिठ्ठी तुझ्याकडे द्यायची, तू खिडकीतून आत द्यायची, नत्थुजी पुस्तक देतील. ऊन नाही, पाऊस नाही. तुझी जागाही कायम होईल, मी कमिटीत बोललो आहे."

पार्बताबाई खूश झाली. खोटं कशाला सांगा, चांगली दोन दिवस खूश होती. विधवा बाईला कायमची नोकरी म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

दिवाळीच्या सुट्टीत जुनी इमारत रिकामी करायला घेतली. चार मजूर बाया आणि पार्बताबाई, डोक्यावर टोपल्यांतून पुस्तकं जिमखान्याच्या हॉलमध्ये नेऊन रचत होत्या. जाळीच्या आत पार्बताबाई बारा वर्षांत पहिल्यांदाच गेली. कोपऱ्यातल्या कपाटाचा सगळ्यांत वरचा खण काढायला कुणी धजेना. शिडी लटपटत होती. ती चढली. वरच्या खणात बोटभर धूळ होती आणि दोन जाड पुस्तकांच्या पाठींवर मिळून कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. चांगलं जुनं, दगडासारखं झालेलं. तिने ते नखाने फोडलं. मातीखालून आकडा निघाला. मग डोक्यावर विळा घेतलेली बाई. मग गाठ.

ती शिडीवरच थांबली. खालून मैना तायडेने विचारलं, "काय झालं वो मावशी?" मैना तिवस्याची, म्हणजे पार्बताबाईच्या माहेरची, तिच्याच समाजातली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. सुट्टीत चार पैसे मिळतील म्हणून पुस्तकांच्या यादीचं काम करत होती. पार्बताबाईने डबीतून चिठ्ठी काढली, पुस्तकाच्या पाठीशी धरली आणि दोन्ही खाली मैनाला दाखवली.

"हे अन् हे एकच हाय काय?"

"एकच हाय. तर्कशास्त्र. काहून?"

पार्बताबाईने चिठ्ठी त्या पुस्तकातच ठेवली. तिला अक्षर येत नसेल, पण कुंभारमाशीचं घर किती वर्षांत इतकं घट्ट होतं ते कळत होतं. हे पुस्तक बाहेर गेलेलंच नव्हतं. अकरा वेळा ती जाळीपुढे उभी राहिली, अकरा वेळा नत्थुजींनी मान वर न करता रेघ मारली, आणि पुस्तक त्यांच्या डोक्यावर सात हातांवर होतं. मुलं जाळीवर हात आपटत, नाव घेऊन ओरडत, म्हणून मुलांसाठी शिडी लागत असे. चिठ्ठी हात आपटत नाही. आणि भागीरथाला 'बाहेर गेलं' हे सांगायला दर वेळी कोण गेलं होतं? पार्बताबाईच गेली होती. खोटं नत्थुजींचं होतं, पण पोचवलं तिने होतं. तिला इतका संताप आला की शिडीच्या पायऱ्या गाळत ती खाली उतरली.

तिला तिवस्याची विहीर आठवली. सात-आठ वर्षांची असताना ती घागर घेऊन त्या विहिरीपासून दहा पावलांवर उभी राहायची. विहिरीला हात लावायचा नाही. कुणी वरच्या जातीची बाई आली आणि तिच्या मनात आलं तर पोहरा भरून वरून घागरीत ओतायची. मनात नाही आलं तर दुपार व्हायची. तहान लागलेल्या माणसाने दुसऱ्याच्या हाताकडे बघत उभं राहणं तिला चांगलं माहीत होतं. आणि बारा वर्षं तिने स्वतः त्या शिकणाऱ्या पोरींना तसंच उभं केलं होतं. आता त्यासाठी साहेब भिंतीत पक्की खिडकी बसवणार होते.

ते पुस्तक तिने जिमखान्यात नेलं नाही. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि घरी नेलं. याला चोरी म्हणतात हे तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी तिने बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली आणि दुपारी अकोल्याला उतरली. मोर्णेच्या काठाकडच्या गल्लीत विचारत विचारत ती भागीरथाच्या नवऱ्याच्या, कचेरीतल्या कारकून वामनरावांच्या, घरापाशी पोचली. दारात भागीरथा तांदूळ निवडत होती, कडेला एक मूल.

"पार्बतामावशी!" भागीरथा उठलीच. "तुमी इकडे कशा?"

"तुझं पुस्तक आणलं माय. जरासा उशीर झाला."

भागीरथाने धडपा सोडला. पाठीवरचं नाव वाचलं आणि पुढचं पान न उघडता सरळ शेवटचं उघडलं. तिथे एक कागद चिकटवलेला होता, त्यावर तारखांचे शिक्के.

"थे काय पाह्यतं?"

"पुस्तक कोणी नेलं की यावर परत कराची तारीख मारतात, मावशी. प्रत्येक वेळी. हा शेवटचा शिक्का पाहा." तिने शिक्क्यावर बोट ठेवलं. "ऑगस्ट अठ्ठेचाळीस. मी कॉलेजात आली पंचावन्नला. माह्या आधी सात वर्षं अन् नंतर आजपर्यंत, हे कोणी हातातसुद्धा घेतलं नाई."

मूल रडायला लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. "मी बाबाले सांगतलं होतं, पुस्तक मिळत नाई म्हणून नापास झाली. बाबा म्हणे, वाचणाऱ्याले मिळते. मले खोटारडी म्हटलं त्यायनं. मग मलेच वाटू लागलं की असन, माहाच आळस असन." आणि ती रडली. दुःखाने कमी, रागाने जास्त. पार्बताबाईने मूल कडेवर घेतलं आणि तिला रडू दिलं. मग नव्या खिडकीचं सांगितलं.

"तुमी काय कराल?" भागीरथाने डोळे पुसले.

"खिडकी बसू देत नाई."

"अन् तुमची नोकरी?"

"माही नोकरी म्हणजेच थे खिडकी हाय माय. खिडकी नाई तं चिठ्ठी नाई, चिठ्ठी नाई तं पार्बता नाई. समजते मले." तिने कडेवरचं मूल सावरलं. "तू येशील काय? मी सांगतलं तं अडाणी बाईचं बोलणं. तुले वाचता येते."

भागीरथाने घरात नजर टाकली. चूल, पाळणा, खुंटीवरचा वामनरावांचा कोट. "कार्ड टाका," ती म्हणाली. "येईन असं म्हणत नाई. पण टाका." पुस्तक तिने परत दिलं, शेवटच्या पानात ती जुनी चिठ्ठी खूण म्हणून घालून.

पार्बताबाई आधी सरळ रस्त्याने गेली. परत येताच साहेबांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, खिडकी नका बसवू. पोरींले आत येऊ द्या."

"अगं, मुलींच्या वडिलांना काय वाटेल?" साहेब हादरले. "परतवाड्याहून, चांदूर बाजाराहून लोक विश्वासाने मुली पाठवतात. मुलांच्या टेबलाशी बसवल्या तर उद्या नावं काढून नेतील."

"त्याच बापाच्या वावरात कापूस येचाले बाया अन् माणसं एका ओळीत चालतात. तिथी कोणी खिडकी नाई बांधली."

साहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं. "आणि तुझी जागा जाईल त्याचं काय? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस, पार्बताबाई. जा, कामाला लाग."

म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुस्तकाचं तिने त्या दिवशी काढलं नाही. एकटीने काढलं असतं तर चोर म्हणून तिलाच आधी बाहेर काढलं असतं.

पौष महिन्यात भिंत उभी राहिली आणि मधे खिडकीसाठी जागा सोडली गेली. श्रावण मिस्त्रीने सांगितलं की चौकट सोमवारी बसेल. मैनाने अकोल्याला कार्ड लिहिलं. उत्तर आलं नाही. सोमवारी सकाळी श्रावण मिस्त्री घमेल्यात सिमेंट कालवून, चौकट उचलून आला, तर भिंतीतल्या त्या रिकाम्या जागेत पार्बताबाई बसली होती. पाय सदनाच्या बाजूला सोडलेले, मांडीवर धडप्यात गुंडाळलेलं पुस्तक.

"बाई, उतर. चौकट बसवाची हाय."

"नाई उतरत."

"अवो, माल कालवला हाय! सिमेंट परमिटावर येते, माहीत हाय काय? घंटाभरात दगड होते त्याचा."

"होऊ दे."

श्रावण मिस्त्रीने टोपी मागे सरकवली, तिच्याकडे पाहिलं, आणि घमेल्यावर ओलं पोतं टाकून बिडी पेटवली. त्याची एक पोरगी आठवीत होती. त्याने शिपायाला साहेबांकडे पाठवलं खरं, पण 'सावकाश जाजो' असं हळूच सांगितलं.

लेडीज रूममध्ये मुली जमल्या. कुणी घाबरली, कुणी हसली. मैनाने आपल्या वहीतून लाल रेघांच्या चौदा चिठ्ठ्या काढल्या आणि पार्बताबाईच्या मांडीवर ठेवल्या. मग दुसरीने आपल्या काढल्या, मग तिसरीने. पार्बताबाई भ्याली नव्हती असं नाही. तिला स्पष्ट दिसत होतं की संध्याकाळपर्यंत आपण रस्त्यावर असू. तिची नजर पुन्हा पुन्हा सदनाच्या मोठ्या दाराकडे जात होती. बडनेऱ्याहून गाडीची माणसं यायची वेळ होऊन गेली होती.

साहेब आले, मागोमाग नत्थुजी. नत्थुजींनी पुस्तक लांबूनच ओळखलं, कारण दिवाळीपासून यादीत एक पुस्तक कमी येत होतं.

"पाहा साहेब!" ते कडाडले. "मी म्हणत नव्हतो? पुस्तक हिनं चोरलं! आता पुरावा मांडीवर घेऊन बसली!"

"चोरलं," पार्बताबाई म्हणाली. "पोलिसाले बोलवा. मी सांगतो त्याले, कुठून चोरलं थे. वरच्या खणातून. जे तुमी बाहेर गेलं म्हणत होते."

"काहीही बोलते! गेलं असन बाहेर, आलं असन परत. वाचता तं येत नाई हिले, हिले काय समजते?"

"तिला येत नाही," दारातून आवाज आला. "मला येतं."

मोठ्या दारातून भागीरथा येत होती. कडेवर मूल, पायांवर रस्त्याची धूळ, टांगेवाल्याशी भांडून आल्यासारखा चेहरा. तयार होत असलेल्या त्या सदनात पुढच्या दाराने आत आलेली ती पहिली मुलगी, आणि तिच्या ते गावीही नव्हतं. मधली रेती, विटा, पाट्या ओलांडत ती थेट साहेबांपुढे आली.

"मी भागीरथा राऊत. सत्तावन्न साली तुमच्याच कॉलेजातून तर्कशास्त्रात चार मार्कांनी नापास झाले, सर." साहेबांशी ती पुस्तकी मराठीतच बोलली, ते तिने अडीच तास गाडीत घोकलं असावं. "या पुस्तकासाठी मी अकरा वेळा चिठ्ठी दिली. चिठ्ठी आत आहे, रेघा मोजून घ्या. शेवटच्या पानावर तारखा आहेत. नत्थुजींनीच वाचाव्या."

पार्बताबाईने पुस्तक नत्थुजींपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. तिने हात मागे घेतला नाही. दोघेही तसेच उभे, म्हणजे ते उभे आणि ती बसलेली. मागे मुली, दारात मुलं गोळा झालेली. कुणी शीळ घातली नाही.

"वाचा, नत्थुजी," साहेब म्हणाले.

नत्थुजींनी पुस्तक घेतलं, शेवटचं पान उघडलं, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "ऑगस्ट," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीस."

"दुसरी प्रत आहे का आपल्याकडे?"

"नाई. एकच हाय." मग त्यांचा आवाज उतरला. "शिडी लटपटत होती, साहेब. माहे गुडघे..."

"पोट्ट्यायसाठी चढत होते थेच गुडघे," पार्बताबाई म्हणाली. ती ओरडली नाही. "तुमी मले दर खेपी सांगत होते, आडात नाई तं पोहऱ्यात कुठून येईन. आडात होतं, नत्थुजी. पोहरा तुमच्या हातात होता. मी लहानपणी अशीच उभी राह्यली विहिरीवर, दुसऱ्याच्या मर्जीवर. आमी त्यापायी देव सोडले, तुमची खिडकी काय चीज हाय? साहेब, आजपासून मी कोणाची चिठ्ठी नेत नाई. ज्या पोरीले पुस्तक पायजे, तिनं आपल्या पायानं यावं, आपल्या हातानं घ्यावं. खिडकी बसवाची असन तं माह्यासकट बसवा."

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं. चिठ्ठीवरच्या रेघा त्यांनी खरोखरच मोजल्या. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. कमिटी आली असेल, परतवाड्याचे पालक आले असतील. मग भित्र्या माणसाने कधी नव्हे ते धाडस करताना करावा तसा उगाच चढा आवाज करून ते म्हणाले,

"मिस्त्री! किती माल आहे?"

"चौकटीपुरता, साहेब."

"ही खिडकीची जागा बुजवायला पुरेल का?"

श्रावण मिस्त्रीने बिडी विझवली. "इटा हाती दिल्या तं पुरवून घेतो."

"पार्बताबाई," साहेब तिच्याजवळ येऊन हळू म्हणाले, "तुझी जागा मला ठेवता येणार नाही."

"जाऊ द्या साहेब. बारा वर्षं वाहून वाहून मान दुखली माही." असं म्हणून ती खाली उतरली. उतरताना भागीरथाने तिला हात दिला. मैनाने पहिली वीट उचलून दिली.

मार्चअखेर तिची नोकरी गेली. पालकांनी नावं काढून नेली ती फक्त दोन मुलींची, त्यातली एक पुढच्या वर्षी परत आली. पार्बताबाई वलगावच्या रस्त्याच्या वावरांत निंदायला, तण काढायला, जाऊ लागली. उन्हात पाठ मोडून येई आणि संध्याकाळी मीठ-भाकर खाताना कधी कधी स्वतःलाच शिव्या देई, कायमची नोकरी सोडणारी शहाणी म्हणून. पण सकाळ झाली की पश्चात्ताप नसे.

जुलैत सदन सुरू होऊन आठ दिवस झाल्यावर ती वावरातून परतताना तशीच वळली, हातात निंदणीचा विळा. दारावरच्या नव्या शिपायाने विचारलं, "काम काय?"

"पुस्तक पाहाचं हाय," ती म्हणाली आणि आत गेली. त्याला अडवायचं सुचलं नाही.

आत ट्यूबलाइट लागले होते. पडवीत टेबल-टेनिसचा चेंडू टकटकत होता, कॅन्टीनमधून चहाचा वास येत होता. मुली एका टेबलाशी आणि मुलं दुसऱ्या टेबलाशी, मधे दोन टेबलं रिकामी. आठ दिवसांत काय गोकुळ होतं? पण मुली आत होत्या. एक पोरगी शिडीवर चढून वरच्या खणातलं पुस्तक काढत होती आणि खाली कुणीही शिडी धरून उभं नव्हतं. जिथे खिडकी यायची होती तिथली भिंत गुळगुळीत झाली होती. त्यावर आता परीक्षेच्या वेळापत्रकाचा फळा होता.

पार्बताबाई उघड्या कपाटांमधून हिंडली. डोक्यावर विळा घेतलेली बाई तिला चार ठिकाणी सापडली, पण मातीचा डाग असलेलं ते जाड पुस्तक कुठेच नव्हतं. त्याची जागा रिकामी होती. ती नव्या टेबलाशी गेली. जाळी नव्हती, पण टेबलामागे नत्थुजीच होते.

"मातीचा डाग होता थे पुस्तक कुठी हाय?"

नत्थुजींनी मान वर केली. तिला पाहिलं, विळा पाहिला. आणि सवयीने तोंडातून निघालं, "बाहेर गेलं."

पार्बताबाईचा चेहरा असा झाला की नत्थुजी खुर्चीत मागे सरकले. मग त्यांनी समोरची लाकडी पेटी ओढली, त्यातून एक कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. टेबलावर ठेवलं नाही, हातातच धरलं. तिने ते घेतलं.

कार्डावर ताजा शिक्का होता, त्याच्याशेजारी शाईत एक नाव. अकरा वेळा तिच्या पदराच्या गाठीत बांधलेलं, चिठ्ठीच्या खाली असायचं ते. भागीरथा.

"अकोल्याहून आली होती परवा," नत्थुजी पुटपुटले. "इंटरचा फॉर्म भरला तिनं. प्रायव्हेट. आल्या आल्या वाघिणीसारखी गेली त्या खणाकडे. मले विचारलं नाई."

पार्बताबाईने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. बारा वर्षांत नत्थुजींनी तिला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं.

"कवा येईन परत?"

"पंधरा दिवसांनी."

"येऊ द्या आरामानं," ती म्हणाली. "घाई नाई." तिने कार्ड त्यांच्या हातात परत दिलं आणि विळा घेऊन मोठ्या दाराने बाहेर पडली.